खिळ्यावरची कात्री

सकाळी उठल्यावर सुंदराचं पहिलं काम म्हणजे उजव्या हाताचा अंगठा उघडणं. झोपेत तो तळव्याकडे वळून बसलेला असायचा, रुसल्यासारखा. डाव्या हाताने धरून ती त्याला मागे ओढायची, आत कुठेतरी कट्‌ व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं आणि मग तो सरळ व्हायचा. त्यानंतर स्टोव्ह, त्यानंतर नळ, त्यानंतर नळावरची भांडणं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तो हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, "कात्री सोडा, बाई."

जशी काही ती तंबाखू होती.

कात्री सोडून करायचं काय? पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत पुरुष मिलीत आणि बाया शिलाईच्या मशीनवर. सुंदराचा नवरा दगा कापड रंगवायच्या मिलीत कामाला होता, अमळनेरकडून लग्नाआधीच सुरतेत आलेला. मिलीचं काम कधी असायचं, कधी नसायचं. सुंदराच्या मशीनचं काम मात्र रोजचं होतं. भूपेंद्रभाईचा टेम्पो यायचा, साटनचे ताके दारात टाकून जायचा. त्याच्या कळ्या कापायच्या, जोडायच्या आणि लहान पोरींचे चणिये, म्हणजे घागरे, करून द्यायचे, नवरात्रीत गरब्याला घालायचे. गिरक्या घेतल्या की छत्रीसारखे उघडतात ना, ते. ज्या पोरी गिरक्या घेतात त्यांना कुणी सांगत नाही की ह्या घेरापायी पांडेसऱ्यातली एक बाई सकाळी स्वतःचा अंगठा स्वतः उपटते. सांगायलाही नको. पोरींचा काय दोष?

दोष कुणाचा ते सांगतो. पूर्वी भूपेंद्रभाई कापलेला माल द्यायचा. त्याच्या कारखान्यात उंच टेबल होतं, विजेवरचं कटर होतं आणि एक कटिंगमास्तर होता. प्लेगच्या वेळी मास्तर गावाकडे पळाला तो परत आलाच नाही. दोन-चार खेपा बायांनी घरी कापून दिल्या, अडचण म्हणून, माणुसकी म्हणून. भूपेंद्रभाईच्या लक्षात आलं की मास्तरावाचून भागतंय. मग तेच चालू राहिलं. प्लेग गेला, तीन वर्षं झाली, मास्तर काही आला नाही. शिलाईचा दर होता तोच राहिला आणि कापणं त्यात फुकट जाऊन बसलं.

एकदा सुंदराने तोंड उघडलं होतं. भूपेंद्रभाई हसला. "कापवामां शुं छे, बेन? कातर चलावी एटले थई गयुं."

कात्री चालवली की झालं! त्या माणसाने जन्मात स्वतःची नखं सोडून काही कापलं नसेल.

साटन कापणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. सुती कापड गरीब असतं, टाकाल तिथे पडून राहतं. साटन सापासारखं. एक टोक धरावं तर दुसरं सरकतं, वरचा पदर एकीकडे, खालचा दुसरीकडे. खोली एवढीशी, म्हणून फरशीवरच पसरायचं. गुडघे टेकून, कंबर मोडून, डाव्या हाताने कापड दाबायचं आणि उजव्याने ती लोखंडाची जड कात्री रेटायची. पदर सरकतात म्हणून एका वेळी एकच पदर. कळीमागून कळी, कळीमागून कळी. टाचण्या लावाव्यात तर साटनला भोकं राहतात, आणि भोक दिसलं की भूपेंद्रभाई तो चणिया बाजूला फेकतो. संध्याकाळी उभं राहायचं तर आधी भिंत धरायची.

दुखण्याचं सुंदराला फारसं वाटत नव्हतं. दुखणं तिचं होतं. भीती दुसरीच होती.

तिची पोरगी सोनाली दहावीत होती. नगरपालिकेच्या मराठी शाळेतून सातवी करून पुढे हायस्कुलात गेलेली, गल्लीतली पहिलीच. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, मैत्रिणींत हिंदी, आणि पुस्तकात मराठी. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि म्हणायची, "माय, दे ना, मी कापते थोडं." आणि सुंदरा दर वेळी तिचा हात झटकायची. "तुन्हं काम नही ते."

तिला माहीत होतं. अंगठा पुरता बंद पडला की कात्री आपोआप पोरीच्या हातात जाणार. कुणी जबरदस्ती करणार नाही, कुणी शाळा सोड म्हणणार नाही. आधी थोडंसं, मग रविवारी, मग परीक्षा झाल्यावर, मग परीक्षाच नाही. समोरच्या घरातली दिपाली अशीच बसली होती मशीनवर. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी आता गाठ होती, सुपारीएवढी. वय सोनालीचंच. म्हणून रोज संध्याकाळी सुंदरा पोरीला म्हणायची, "हात दखाड." सोनाली हात पुढे करायची, सुंदरा अंगठा दाबून बघायची. मऊ. शाईचा डाग. बस्‌.

तर कात्री सोडता येत नव्हती, तेव्हा सुंदराने कापणंच सोपं करायचं ठरवलं. कुणी शिकवलं नाही, कुठे वाचलं नाही. अडलं की माणूस डोकं चालवतं.

आधी तिने फरशी सोडली. कोणीतरी टाकून दिलेलं जुनं दार भंगारवाल्याकडून आणलं, खाटेखाली विटा लावून खाट उंच केली आणि तिच्यावर ते दार टाकलं. उभ्याने कापता येऊ लागलं. कंबर पहिल्यांदा गप्प बसली. दगा रात्री आला तर झोपायला जागा नाही. "सोनालीनी माय, मी दारवर झोपू का दारबाहेर?" म्हणाला. पण हसून म्हणाला, आणि खाली गोधडी टाकून झोपला.

मग टाचण्यांच्या ऐवजी वजनं. मिलीच्या भंगारातले लोखंडी तुकडे दगाने आणले, तिने त्यांना चिंध्यांच्या खोळी शिवल्या. चार कोपऱ्यांवर चार ठेवली की साटन जागचं हलेना. भोकं नाहीत, काही नाही. मग कळीचा पुठ्ठ्याचा फर्मा होता तो पत्र्याचा करून घेतला, म्हणजे खडू सरळ जायचा.

पण खरी कमाल खळीने केली. ती दगाची कल्पना. मिलीत कापडाला कडकपणा यावा म्हणून काय काय पाजतात ते तो रोज बघत होता. एके रविवारी भाताची पेज गाळता गाळता तो म्हणाला, "साटनले पाजी देख ना." सुंदराने पातळ पेज करून कापड त्यात बुडवून दोरीवर वाळवलं. वाळलं ते कागदासारखं. सापाची काठी झाली! आता पदरावर पदर ठेवला तरी सरकेना. चार पदर एकदम कापता येऊ लागले. कात्री एकदा चालली की चार कळ्या. शिवून झालं की चणिया पाण्यातून काढायचा, खळ निघून जायची, साटन पुन्हा चमकायला लागायचं.

शेजारची रुक्मिणी परभणीकडची. तीही भूपेंद्रभाईचेच चणिये शिवायची. ती बघायला आली आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय बाई, लगनातल्या ताटावानी मांडलंय सगळं! मला का नाही सुचलं हे?"

"तुला झोपायला खाट लागती म्हणून," सुंदरा म्हणाली.

पंधरा दिवसांत गल्लीत चार घरी खाटा विटांवर चढल्या, दोऱ्यांवर खळीचं साटन फडफडायला लागलं. सुंदराचा अंगठा सकाळी थोडा कमी रुसायला लागला. तिला वाटलं, निभलं. पोरीची दहावी निघेल.

पण गरिबाचं काम सोपं झालेलं पैसेवाल्याला दोन कोसांवरून कळतं. माल लवकर येतोय म्हटल्यावर भूपेंद्रभाई स्वतः आला. दार पाहिलं, वजनं पाहिली, खळ पाहिली. "वाह, सुंदराबेन!" म्हणाला. आणि दुसऱ्या खेपेला ताके दुप्पट टाकले. दर तोच, मुदतही तीच.

महिन्याभरात अंगठा पहिल्यासारखा झाला. त्याहून वाईट झाला. आता चार पदर कापायला जोरही चौपट लागत होता.

श्रावण लागला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. गुलाबी साटन, ताकेच ताके. भूपेंद्रभाई टेम्पोतून उतरलाही नाही. "परमदिवसे सवारे जोइए. बजारमां पार्टी बेठी छे."

"परवा सकाळी?" सुंदरा म्हणाली. "भाई, उद्या नागपंचमी. उद्या आम्ही कापत नाही."

आता हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. त्या दिवशी काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. विळी, सुरी, कात्री, सगळं बंद. उकडलेलं खायचं. सुंदरा काही फार देवभोळी नव्हती, उपास तिला झेपायचे नाहीत. पण हा दिवस ती पाळायची, आणि मनापासून पाळायची. नागाला भिऊन नाही. वर्षभरात हा एकच दिवस असा होता की कात्री खिळ्याला टांगायची आणि कुणाच्या बापाची हिंमत नव्हती उतरव म्हणायची. भूपेंद्रभाईने कधी सुट्टी दिली नव्हती. ही एक देवाने दिलेली होती.

भूपेंद्रभाईला खरंच नवल वाटलं. "काले नागपांचम? अमारी तो पंदर दिवस पछी छे."

"तुमची असेल. आमची उद्या आहे."

"तो तमारा नागने कहो, पंदर दिवस रोकाय." ड्रायव्हर फिसकन हसला. भूपेंद्रभाईची नजर मग आत गेली. दाराच्या टेबलाशी सोनाली उभी होती, ताक्याचं टोक धरून. "छोकरी छे ने? एना हाथ तो सारा छे. ए कापशे." आणि टेम्पो सुरू करता करता, अगदी गोड आवाजात, "नहीं तो कोसाडमां बायडीओ तैयार ज छे, बेन. खोटुं न लगाडता." वाईट वाटून घेऊ नका म्हणे!

टेम्पो गेला. सुंदरा दारात उभीच राहिली. तिच्या कानात एकच वाक्य राहिलं होतं. कोसाडच्या बायांचं नाही. छोकरीना हाथ सारा छे, पोरीचे हात चांगले आहेत. म्हणजे त्याने बघून ठेवलं होतं.

"माय, मी कापते ना," सोनाली म्हणाली. "मी नाही पाळत नागपंचमी."

"तू अभ्यास पाळ. तेवढं पुरे."

संध्याकाळी दगा आला तर बायको ताक्यांच्या ढिगासमोर बसलेली, अंगठा दुसऱ्या मुठीत धरून. सगळं ऐकून घेतलं त्याने. तसाच परत बाहेर गेला, आणि आला तेव्हा हातात वायर गुंडाळलेली एक सळई होती. मिलीतल्या वायरमनकडून मागून आणलेली, वायरी जोडताना डाग द्यायची, विजेवर तापणारी.

"हाई देख," म्हणाला. वायरमन नायलॉनची दोरी हिने तोडायचा, टोकं उसवत नाहीत म्हणून. दगाने सळई प्लगला लावली, तापली, आणि साटनच्या एका चिंधीवरून फिरवली. जोर नाही, आवाज नाही. लोण्यातून जावी तशी गेली. कडा गुळगुळीत, एक धागा सुटलेला नाही. वास मात्र घाण, केस जळल्यासारखा.

सुंदराने सळई हातात घेतली. पेन धरतात तशी, दोन बोटांत. अंगठ्याला काहीच करायचं नव्हतं. तिने आणखी एक चिंधी कापली, आणखी एक. तिचा चेहरा बघून सोनालीला हसू आलं.

"आणि हाई कापानं काम नहीच," दगा म्हणाला. "हाई तं जाळानं काम. नागले सांग, आम्ही कात्रीले हात नही लावा."

ती पळवाट होती, हे सुंदराला कळत होतं. पण बुडणारा माणूस पळवाटेला नावं ठेवत नाही. कात्री तिने स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगा मिलीत गेला, सोनाली शाळेत. गुजरातच्या शाळेला ही नागपंचमी कुठली! सुंदराने भिंतीवर हळदीकुंकवाने नाग काढला, त्याला लाह्या-दूध दाखवलं आणि दाराच्या टेबलावर पत्रा टाकून सळई लावली. खळीचं साटन नेहमीसारखं चार पदर करून मांडलं, कोपऱ्यांवर वजनं ठेवली, फर्मा ठेवला आणि सळई फिरवली.

रुक्मिणी डोकावली. ती आज नवी साडी नेसून मोकळी हिंडत होती. "अगं बया! कापायलीस?"

"कापते कुठं? जाळतेय."

"नागाला काय कळतंय, सळई का कात्री!"

"तू कसं काय केलंस? तुला नाही माल टाकला त्याने?"

"टाकला की. मी सांगितलं, पोराला जुलाब लागलेत, दोन दिवस मला जमायचं नाही. त्याला आपला नाग कळत नाही बाई, जुलाब बरोबर कळतात." आणि पदर खोचून जवळ येऊन तिने कड बघितली. "हे मात्र झ्याक हाय हं. धागेच सुटत नाहीत, कडेला इंटरलॉक मारायची पण गरज नाही. वास तेवढा मसणातला."

लाइट दुपारी कधीही जायची, आणि पायाची मशीन काय रात्रीही चालते, म्हणून सुंदरा कापायची थांबलीच नाही. एक थर कापून झाला की उचलून बाजूला ठेवायचा, वर वजन, त्यावर दुसरा थर. खळीमुळे चारही पदर एकत्र राहायची तिला सवयच झाली होती. एकत्र उचलायचे, एकत्र ठेवायचे, शिवताना सोडवायचे. लाइट गेली तेव्हा उन्हं कलली होती आणि फक्त एक ताका उरला होता. सुंदरा भिंतीला टेकून बसली. हात दुखत नव्हता. तिने अंगठा हलवून पाहिला. हलला. भिंतीवरच्या नागाकडे बघून ती एकटीच हसली, कित्येक दिवसांनी.

लाइट आली दिवेलागणीला. सोनाली शाळेतून आलेली होती, उद्या तिची गणिताची चाचणी. पुस्तक मांडीवर ठेवून ती म्हणाली, "माय, कळ्या सोडवून देते. तेवढ्याने काही होत नाही." सोडवायला कात्री लागत नाही, म्हणून सुंदराने नाही म्हटलं नाही. ती मशीनमध्ये गुलाबी दोरा ओवत होती.

"माय. हाई सुटी नही ऱ्हायनं."

"कोपऱ्यातून धर. खळ आहे ती."

"खळ नही, माय."

सुंदरा उठली. तिने कोपऱ्यातून धरलं. चारही पदर एकदम उचलले गेले. मध्ये नख घालायला गेली तर नख शिरेना. कड हाताला लागली, काचेसारखी. चार पदरांची एकच कड झाली होती. सळईने कापलं होतं आणि कापता कापताच जोडलं होतं. एकेरी चिंधीवर हे कुठे कळणार होतं? तिने जोराने ओढलं. चर्रर्र झालं, आणि वरचा पदर कडेपासून दोन बोटं आत फाटला.

दुसरा गठ्ठा. तिसरा. ढिगातला एकूण एक.

कात्री असती तर चार पदर वेगळे पडले असते. पण हात कात्रीच्या सवयीने चालला आणि सळईने आपल्या स्वभावाप्रमाणे केलं. सगळं गुलाबी साटन, बंद पाकिटांसारखं.

दगा आला तेव्हा दोघी ढिगात बसलेल्या. त्यालाही कळायला वेळ लागला. मग त्याने कड उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. "मन्हीच अक्कल."

मग तोच म्हणाला, "कड कापी टाका. बोटभर. पदर मोकळे व्हतीन."

"घेर जाईल."

"जाऊ दे घेर. उघडा चणिया तरी व्हई."

सुंदराने खिळ्यावरची कात्री काढली. नागाकडे बघितलं नाही. पहिल्या गठ्ठ्याला लावली, दाबली. जळून कडक झालेली चार पदरी कड, लाकडासारखी. कात्री मिटली आणि उघडेचना. म्हणजे कात्री नव्हे, अंगठा. कात्रीच्या कडीत अडकून तो आत वळून बसला, आणि या वेळी डाव्या हाताने ओढूनही कट्‌ झालं नाही. सोनालीने आईचं बोट न बोट सोडवून कात्री काढली. सुंदरा ओरडली नाही, ओठ चावून बसली. सोनालीच रडत होती.

आणि मग ज्याची भीती होती ते अगदी साधेपणाने झालं. पोरीने डोळे पुसले, पुस्तक बाजूला सारलं आणि कात्रीच्या कडीत स्वतःचा अंगठा घातला. तो तिथे बरोबर बसला. जणू माप घेऊनच केलेली होती.

"ठी दे, ठेव ती कात्री," सुंदरा म्हणाली.

"माय, एकच गठ्ठा."

"मन्हं बी एकच गठ्ठापाईन सुरू व्हयनं. ठी दे."

"आते काय करशी मग?" दगाचा आवाज चढला. "पोरले बसाड. एक दिनना तं सवाल शे! माल नही गया तं तो उद्या दारात येईल, काय सांगशी? नाग चावना?"

"तुम्ही बसा ना. तुमचे हात काय मिलीत ठेवून आलात?"

दगा बसला. खरंच बसला, कात्री घेऊन. कळी कापता कापता तिरका गेला, दोन कळ्यांची वाट लागली, तिसऱ्याला कात्री फेकून दिली. रंगाच्या पाण्याने त्याची बोटं भेगाळलेली, त्यांना साटन आडवं-उभं कळत नव्हतं. तो दाराबाहेर जाऊन बिडी पेटवून बसला. त्याच्या पाठीकडे बघून सुंदराला राग आला नाही. रडूच आलं.

सोनाली पुस्तक घेऊन बसली. पान उलटत नव्हती.

सकाळी सुंदराने सगळे गठ्ठे गोणीत भरले आणि दगासोबत उधन्याला भूपेंद्रभाईच्या कारखान्यात गेली. उंच टेबल तिथे होतंच, त्यावर रद्दी ठेवलेली. विजेचं कटर कोपऱ्यात कापडाखाली. तिने गोणी टेबलावर ओतली आणि झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही.

भूपेंद्रभाई आधी ओरडला. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडला. आई-बाप, गाव, नाग, सगळं त्यात आलं. मग एक फाटका गठ्ठा त्याने हातात घेतला. कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. धागा ओढायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

"एक एक पदर होय तो?" त्याने हळूच विचारलं.

"एकेरी छान येतं," सुंदरा म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण काय देऊन टाकलं.

भूपेंद्रभाईने खुर्ची ओढून दिली. पाणी मागवलं. पार बदललाच माणूस. नुकसान होतंच, म्हणाला, माणसाकडूनच होतं. ते मी विसरतो. छोकरीला पाठव. इथे टेबलावर, पंख्याखाली, सळईने कापेल. जोर नाही, काही नाही, अंगठा दुखणार नाही. शाळेत काय, बारावी झालेल्याही इथेच येतात शेवटी.

दगा बायकोकडे बघत होता. त्याच्या तोंडावर होकार तयार होता, बिचाऱ्याच्या. सुंदरा टेबलाकडे बघत होती. उंच, रुंद, गुळगुळीत टेबल. असंच टेबल तिने दाराचं, विटांचं, भंगाराचं करून घेतलं होतं, पोरीला ह्या टेबलापाशी यावं लागू नये म्हणून.

"नाही," ती म्हणाली.

"तो आ नुकसान?"

"मशीन घेऊन जा."

"सोनालीनी माय..." दगा म्हणाला.

"टेम्पो पाठवा. मशीन घेऊन जा. पोरगी नाही."

दुपारी टेम्पो आला आणि मशीन गेली. सुंदराच्या भावाने लग्नात दिलेली, पायाची. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. रुक्मिणी तेवढी मशीनमागे चार पावलं गेली आणि परत आली.

राखीनंतर भूपेंद्रभाईने गल्लीतल्या घराघरात एकेक सळई वाटली. वायरसकट. एकेरी कापायचं, असं स्वतः उभं राहून शिकवलं, जसं काही त्याच्याच डोक्यातून निघालं. रुक्मिणी एका संध्याकाळी सुंदराकडे आली, डोळे लालभडक, दोन बोटांना फोड. "तुझीच अक्कल अन्‌ त्याची मिजास. डोळे चुरचुरतात गं धुराने." फोडांवर फुंकर घालत म्हणाली, "अन्‌ आता म्हणतो, कापणं सोपं झालंय, तर शिलाईचा दर उतरवतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कोसाडच्या बायांचं नाव घेतलं की आमची तोंडं बंद. अन्‌ कोसाडात आमचं नाव घेत असेल मेला."

सुंदरा आता पलसाण्याला जात होती, सकाळच्या टेम्पोत उभ्याने. तिथल्या एका मिलीत ओले ताके धुण्यावरून वाळवणीवर न्यायचं काम. मुकादमाने पहिल्या दिवशी तिचा वाकडा अंगठा पाहून विचारलं होतं, हाताचं काय? ती म्हणाली, "ओझं डोक्यावर घ्यायचंय ना? अंगठा लागत नाही त्याला." ओल्या कापडाचं पाणी दिवसभर मानेवरून पाठीत उतरायचं. कधी निळं, कधी हिरवं. घरी आली की सोनाली तिला बघून म्हणायची, "माय, आज पोपटी."

विटांवरचं दार तसंच होतं. त्यावर आता सोनालीची पुस्तकं असायची. कात्री खिळ्याला होती, गंजायला लागलेली. दगा एकदा म्हणाला होता, विकून टाकू, चांगलं लोखंड आहे. सुंदरा म्हणाली, राहू द्या.

त्या संध्याकाळी रुक्मिणी गेल्यावर सुंदरा दाराशी टेकून बसली. मानेत कळ निघत होती.

"सोनाली," ती म्हणाली, "हात दखाड."

सोनालीने पेन ठेवलं आणि हात पुढे केला. सुंदराने तो धरला, पण दाबून बघायला तिची बोटं वळेनात. मग सोनालीनेच आपला अंगठा आईच्या गालाला लावला.

मऊ होता. आज तिची पहिल्या सत्राची परीक्षा सुरू झाली होती, शाई मनगटापर्यंत गेलेली.